बाबांना वर कोणी आणलं?

या सदरातले अनुभव मी वाचते ते बहुतेक वेळा त्यातली खोट काढायला. सवयच तशी. अकोल्यात मुलींच्या शाळेत मी सायन्स शिकवायची. मोर्णा नदीच्या काठच्या एका चिंचेखाली बाई दिसते अशी आवई शाळेत उठली, तेव्हा अख्खा वर्ग भर दुपारी तिथं नेऊन बसवला होता आणि त्याच झाडाखाली सगळ्यांना डबे खायला लावले होते. बाईबिई कोणी आली नाही. चिंचा मात्र भरपूर मिळाल्या. भूत, भानामती, अंगात येणं... माझ्या घरात या विषयांना थारा नव्हता आणि आजही नाही.

तरीही आज मीच लिहायला बसलेय. कारण एका गोष्टीतली खोट मला आयुष्यभर शोधूनही सापडली नाही. ज्यांना वाचून वाईट वाटलं असतं ते तिघंही आता नाहीत – बाबा, माय आणि माझा मोठा भाऊ मधुकर, म्हणजे दादा. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आमचं घर भातकुलीकडचं. काळ्या मातीचं वावर, कपाशीची पऱ्हाटी, तूर, ज्वारी. बाबांनी उभा जन्म त्या सपाट जमिनीत काढला. आमच्याकडं उंच म्हणजे निंबाचं झाड, त्याहून उंच काही त्यांनी जवळून पाहिलेलं नव्हतं. साठच्या दशकातली गोष्ट आहे, चीनची लढाई होऊन दोन-तीन उन्हाळे गेले असतील. आमच्या गावचे एक गृहस्थ बद्री-केदार करून आले आणि पारावर बसून तिकडच्या गोष्टी सांगायला लागले. मायच्या मनात केदारनाथ पूर्वीपासून होताच. पण त्या दिवशी बाबाच घरी येऊन म्हणाले, "मले देवाचं एवढं नाई. पन थो डोंगर कसा असते, थे एकडाव पाहाचं हाय."

माय म्हणाली, "मंग माही पूजा अन् तुमचा डोंगर, दोन्ही होऊन जाईन."

मी हसले नाही, कारण मला त्यांचा दमा माहीत होता. हिवाळ्यात बाबांची छाती भात्यासारखी वाजायची. मायचे गुडघे तर पार गेलेले. आणि शेजारच्या गावातून गेलेली दोन माणसं त्या वाटेवरून परतच आली नव्हती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाबांनी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. मी ठरवलं – न्यायचं. पण नीट न्यायचं. यात्रेला जावं तसं देवावर हवाला टाकून जायचं नाही.

पुढचं वर्षभर मी तेच केलं. अमरावतीच्या डॉक्टरांकडं दोघांना नेऊन छाती, ब्लडप्रेशर सगळं तपासून घेतलं. डॉक्टर आधी ओरडलेच. मग माझा हट्ट पाहून त्यांनी अटी घातल्या. एका दिवसात फार चढायचं नाही. मध्येच मुक्काम करून शरीराला उंचीची सवय होऊ द्यायची. आईंना पायी चालवायचं नाही. आणि ओठ निळे दिसले किंवा बोलताना धाप लागली, तर देव दाराशी असला तरी मागं फिरायचं. मी त्या अटी बाबांकडून पाठ करून घेतल्या, मुलींकडून पाढे घ्यावेत तशा.

रोज पहाटे बाबा पेढी नदीच्या काठानं चालायला लागले. सुटीत मी दोघांना घेऊन एसटीनं परतवाड्याला आणि तिथून चिखलदऱ्याला जायची. घाटातल्या रस्त्यावर बाबांना हळूहळू चढवायची, दर वळणावर बसवायची. त्यांच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले. ते घालून पहिल्यांदा अंगणात आले तेव्हा गडीमाणसं हसायला लागली आणि बाबाही त्यांच्यात सामील झाले. मायला लुगड्याखाली लोकरीचे मोजे घालायचे म्हणजे मरणाची लाज. मेथीचे लाडू, सुंठ, ज्वारीच्या लाह्या, थर्मास, निलगिरीचं तेल, मेणकापड... सगळं जमवत गेले.

एकच गोष्ट माझ्या हातात नव्हती. दोन म्हातारी माणसं आणि मी एकटी. माय कंडीत बसणार – कंडी म्हणजे माणसाच्या पाठीवरची टोपली, तीत म्हाताऱ्या माणसाला बसवून नेतात. कंडीवाला आपल्या चालीनं चालतो. बाबा पायी, त्यांच्या चालीनं. दोघांजवळ घरचं एकेक माणूस हवंच होतं.

म्हणून मी दादाकडं गेले.

दादा अमरावतीला सरकारी कचेरीत होता. तो माझ्यासाठी काय होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला सायकल शिकवली ती त्यानं. मॅट्रिकनंतर माझं लग्न उरकायचं घरात ठरत होतं, तेव्हा जेवणाच्या ताटावरून उठून बाबांशी भांडला तो दादा. मी कॉलेजात गेले, शिक्षिका झाले ती त्याच्यामुळं. जगात एका माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा असता, तर मी त्याचंच नाव घेतलं असतं.

तो लगेच तयार झाला. मी त्याला सगळ्या अटी सांगितल्या आणि माझी स्वतःची एक वर घातली – कोणी कोणाला सोडायचं नाही. काही झालं तरी. नंतर घरी आला तेव्हा मायच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबाले मी सोडत नाई. तू फक्त मायकडं पाह्य. कायजी नोको करू व."

मी काळजी सोडली. खरंच सोडली.

बडनेऱ्याहून नागपूर, तिथून दिल्ली, तिथून हरिद्वार. आमच्याकडं मे महिन्यात अंगाची लाही होत होती, आणि इकडं ऋषिकेशच्या पुढं मोटर जसजशी वर चढायला लागली तसतसं वारं बदलत गेलं. रस्ता असा की खिडकीतून खाली पाहिलं तर नदी दोऱ्यासारखी. माय डोळे मिटून नाव घेत बसलेली. बाबांनी मात्र खिडकी सोडली नाही. पहिला बर्फाचा डोंगर दिसला तेव्हा म्हणाले, "एवढी जमीन, अन् नांगराचं एक तास धरता येत नाई याच्यात. कायले केली असन देवानं?"

दादा म्हणाला, "पाहासाठी केली बाबा." आणि बाबांच्या खांद्यावर शाल नीट केली. हे मला आठवतं, कारण तेव्हा मला वाटलं होतं की आपण योग्य माणूस बरोबर आणला.

मोटरचा रस्ता संपल्यावर पायवाट लागली. आम्ही अगदी ठरल्याप्रमाणं चाललो. गौरीकुंडाच्या गरम पाण्यात सगळ्यांनी अंग शेकलं, तिथं जास्तीचा मुक्काम केला. मग रामबाड्यापर्यंत चढून पुन्हा मुक्काम. बाबांची छाती मी रोज कान लावून ऐकायची. श्वास जड होता, पण बोलताना धाप नव्हती, ओठ लाल होते. चिखलदऱ्याच्या घाटाचा उपयोग झाला म्हणून मी मनातल्या मनात खूश होते.

शेवटच्या टप्प्याच्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं. मायची कंडी पुढं, तिच्याबरोबर मी. मागं बाबा आणि दादा. वळणावर थांबलं की दोघं खाली दिसायचे – बाबांची पांढरी टोपी, दादाचा तपकिरी कोट. मी हात करायची, दादा हात करायचा.

मग ढग खालून वर आले. मैदानातल्या माणसाला हे कळत नाही. ढग डोक्यावर असतात अशी आपली समजूत. इथं ते दरीतून उठले आणि पाहता पाहता वाट पुसून गेली. पाठोपाठ गारा. आमच्या पऱ्हाटीवर पडतात तशा बोराएवढ्या नव्हे, बारीक, पण सुईसारख्या टोचणाऱ्या. कंडीवाला उघड्यावर थांबायला तयार होईना. पाठीवर म्हातारी आणि पायाखाली निसरडं, त्याचं बरोबरच होतं. तो झपाझप गरुडचट्टीकडं निघाला. मी मागं वळून दोन-तीनदा हाका मारल्या. दादाचा आवाज आला – "चाल तू! मी हाय बाबासंगं!"

गरुडचट्टीला एका चहावाल्याच्या झोपडीत आम्ही थांबलो. मायला घोंगडीत गुंडाळली. गारा थांबल्या, धुकं राहिलं. आणि त्या धुक्यातून दादा आला. एकटा.

"बाबा?"

"ठीक हायत. दम लागला होता थोडा. एक घोडेवाला खाली जाऊन राहिल्ता, त्याच्या घोड्यावर बसवून देल्लं. रामबाड्याले आपल्याच खोलीत थांबतीन."

"एकटे? तू नाही गेलास बरोबर?"

"त्यायनंच मले वरतं पाठवलं. म्हने मायकडं जा. तूच तं म्हनलं होतं ना, दम लागला का मागं फिराचं म्हून?"

मी म्हटलं होतं. अगदी हेच म्हटलं होतं. खरं सांगते, मला बरंच वाटलं. बाबांनी हट्ट न करता अट पाळली. घोड्यावरून उतरायला वेळ लागत नाही, खाली गेलं की श्वास मोकळा होतो. कोट ओला झाला होता, दादा थरथरत होता, म्हणून मी त्याला आधी चहा दिला.

माय म्हणाली, "थे नाईत तं मी कायले जाऊ देवाजवय? चाला खालती."

दादानं तिचा हात धरला. "बाबानं सांगतलं हाय, मायले दर्शन करवून आन. माह्या वाट्याचं बी तिलेच करू दे म्हने."

मायच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कंडीत बसायला पाय उचलला.

दुपार कलली तेव्हा आम्ही केदारला पोचलो. पंड्याच्या घराची एक खोली मिळाली होती, लाकडी, ठेंगणी, मध्ये शेगडी. मायला शेगडीशी बसवलं. दादा भिंतीला टेकून बसला, तो तिथून हललाच नाही. हातात चहाचा पेला, पण पीतही नव्हता धड. मला वाटलं, थकलाय. बाहेर अजून चांगला उजेड होता. धुकं फाटून मंदिराचा कळस दिसत होता. मी दारापाशी उभी राहून मायला तो कसा दिसतो ते सांगत होते.

आणि मंदिराकडच्या गल्लीतून बाबा येताना दिसले.

पायी. एकटे. टोपी नव्हती, केसांत गारांचं पाणी, बूट चिखलानं भरलेले. पण चाल अशी की जणू वावरातून घरी येतायत. मी धावत गेले, हात धरला. हात ऊन होता. ओठ पाहिले – लाल. त्या उंचीवर, त्या थंडीत, त्या छातीनं... आणि धापसुद्धा नव्हती.

"बाबा, तुम्ही? तुम्ही तर खाली..."

"खालती कायले? एवढ्या दूर आलो, अन् खालती जाऊ?" ते हसले, दारातून वाकून आत आले आणि दादाला पाहून थबकले. "अरे मधू! तू कवा आत आला? आत्ता तं माह्यासंगं होता बाहीर."

दादा उभा राहिला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, असं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी खरोखर पाहिलं. त्यानं बाबांना नमस्कार केला नाही, हात लावला नाही, जवळसुद्धा आला नाही. मागं सरकत सरकत भिंतीला जाऊन भिडला.

मायनं बाबांना शेगडीशी ओढलं, अंग पुसलं. आणि बाबा सांगत गेले. लहान मूल जत्रेतून येऊन सांगतं तसं.

"गारा आल्या अन् माहे पायच गेले व. एका दगडावर बसलो. डोये मिटून गेले आपोआप. मधू हाका मारून राहिल्ता, ऐकू येत होतं मले, पन ओ देता येईना. मंग त्याचा आवाज आला नाई. म्हनलं, गेला वाटते. एक घडी वाईट वाटलं. मंग म्हनलं जाऊ दे, लेकरू हाय, त्याले बी त्याचा जीव हाय. अन् तेवढ्यात आला ना वापस! हात धरला माहा. म्हने, चाला बाबा. उठलो मी. कसा उठलो मले नाई माईत. मंग हात सोडलाच नाई त्यानं, अथीपर्यंत."

"अन् रस्त्यानं काही बोलला?" मी विचारलं.

"बोलून राहिल्ता ना. म्हने, बाबा, मी लहान होतो तवा पेढीले पूर आल्ता, अन् तुमी मले खांद्यावर बसवून पल्याड नेलं. मी तुमचे केस धरून ठेवले होते घट्ट. आता माही बारी." बाबांनी दादाकडं पाहिलं, डोळे भरून. "तुले बरी आठवन राहिली रे, मधू. मी तं इसरूनच गेल्तो."

मायनं माझ्याकडं पाहिलं. मी मायकडं.

पेढीच्या पुरातून बाबांनी खांद्यावर नेलं होतं ते मला. दादा तेव्हा मामाकडं अकोटला होता. बाबांचे केस मुठीत धरून ठेवल्याचं मला आजही आठवतं, त्या ओल्या केसांचा वासही. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. दादाजवळही नाही.

माय हळूच म्हणाली, "अवो, थे मधू नव्हता. कुमुद होती थे, पुराच्या टायमाले."

"नाई व. मधूच होता. त्यानंच तं सांगतलं मले आत्ता."

मी दादाला बाहेर घेऊन गेले. मंदिरामागं बर्फाचा ढीग होता, तिथं. मी एकच विचारलं, "घोडा होता का?"

तो बुटाच्या टोकानं बर्फ उकरत राहिला.

"दादा, घोडा होता का?"

"नाई."

"मग?"

"थे बसले अन् हललेच नाई. लय हाका मारल्या. डोये मिटेल, मान खालती. मले वाटलं, गेले."

"नाडी पाहिलीस?"

"नाई."

"छातीला कान लावलास? अंगाला हात तरी?"

"हिंमत नाई झाली व कुमुद. गारा पडून राहिल्या होत्या, काई दिसे ना. मले वाटलं आता मी बी मरतो अथीच. पयालो मी. मंग तुमी दिसल्या... मायचं तोंड दिसलं... अन् घोड्याचं तोंडातून निंघून गेलं."

"आणि 'माह्या वाट्याचं दर्शन तिला करू दे', ते?"

तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. बाबा त्या दगडावर आहेत – जिवंत की मेलेले, हेही त्याला माहीत नव्हतं – आणि हा आमच्याबरोबर गरुडचट्टीहून वर आला. आमच्याबरोबर खोलीत बसला. शेगडीशी. एक माणूस मागं पाठवायला त्याला एक शब्द बोलावा लागला असता. तेवढाही तो बोलला नाही. आणि बापाच्या तोंडी निरोप घालून त्यानं मायला देवाकडं चालती केली.

त्याच्या मनात बाबा मेलेले होते. म्हणजे दारातून आत आला तो त्याच्या दृष्टीनं मेलेला माणूस होता. म्हणून तो भिंतीला भिडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाच्या रांगेत एक गुजराती म्हातारी बाई सुनेला घेऊन उभी होती. तिनं बाबांना ओळखलं, हात जोडले, आणि दादाकडं वळून म्हणाली, "बेटा, कल तो तुमने कमाल कर दी. हमने कहा भी, बाबूजी को थोड़ा हमारे पास बिठा दो, तुम रुके ही नहीं."

दादा कसाबसा म्हणाला, "मैं नहीं था, माँजी."

बाई हसली. "अरे, तुम ही तो थे. यही भूरा कोट. हाथ पकड़ के ले जा रहे थे." सुनेनंही मान डोलावली.

मी दोघींना बाजूला घेऊन खोदून खोदून विचारलं. कुठं पाहिलं? गरुडचट्टीच्या वर. केव्हा? गारा थांबल्यावर बऱ्याच वेळानं. त्या वेळी दादा माझ्यासमोर खोलीत बसलेला होता. मी होते, माय होती, पंड्याची माणसं ये-जा करत होती.

आता मी सायन्सवाली म्हणून बोलते. विरळ हवेत मेंदूला प्राणवायू कमी पडतो, माणसाला नसलेली माणसं दिसतात, शेजारी कोणी चालतंय असा भास होतो. हे मी नंतर पुष्कळ वाचलं. बाबांपुरतं ते मान्य. पण त्या दोन बाया? बरं, कोणी भला यात्रेकरू असेल, दादासारखा दिसणारा, तसाच कोट असलेला. तसा कोणी असता तर केदारमध्ये भेटला असता, लहानशी तर वस्ती ती. मी पंड्यांना विचारलं, चहावाल्यांना विचारलं. वऱ्हाडाकडचं दुसरं कोणी वर आलेलंच नव्हतं. आणि त्या भल्या माणसाला पेढीचा पूर कसा माहीत?

माय मला एवढंच म्हणाली, "तू काई बोलू नोको. लेकानं आनलं वाटून राहिलं त्यायले, तं वाटू दे. मी बी पाह्यलं हाय, मधू कुठी बसेल होता थे. मी गियतो. तू बी गिय." गिळ, म्हणाली माझी माय. आणि मी गिळलं.

परत आल्यावर बाबांनी ती गोष्ट गावभर सांगितली. लोक दादाला पाहायला यायचे. एक-दोघं पाया पडले. सुरुवातीला दादा खाली मान घालून उठून जायचा. मला वाटायचं, आज ना उद्या तो बाबांजवळ बोलेल. तो बोलला नाही. वर्षभरात त्याचं उठून जाणं थांबलं. मग तो बसून ऐकायला लागला. आणि मग एका लग्नात, अमरावतीला, माझ्या देखत तो स्वतः सांगत होता – गारा कशा होत्या, बाबांचा हात कसा धरला, पाय कसे घसरत होते. शेवटी पेढीचा पूरही आला त्यात. मी लहान होतो, बाबांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं...

मी ताट तसंच ठेवून उठले. त्यानं पाहिलं आणि सांगणं पुरं केलं.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. कुणापाशीही म्हणायचे, पोरीनं तयारी लय केली, पन वेळेले पोरगाच कामी आला. मी समोर असताना म्हणायचे. मी त्यांची छाती रोज कान लावून ऐकणारी, त्यांचे बूट आणणारी, वर्षभर त्यांना घाटातून चढवणारी. मी "हो बाबा" म्हणायची. ते गेले तेही त्याच समाधानात. नंतर मायही गेली, गिळलेलं घेऊन.

दादाशी मी बोलणं तोडलं नाही. दिवाळी, लग्नं, बारशी, सगळं होत राहिलं. फक्त मी त्याच्याजवळ पुन्हा कधी काही मागितलं नाही आणि त्याच्या कुठल्या शब्दावर विसंबून राहिले नाही. त्याला ते कळत होतं.

तो अगदी थकला तेव्हाची गोष्ट. मी त्याला भेटायला अमरावतीला गेले होते. सकाळचं ऊन अंगावर घेत ओसरीवर बसला होता. म्हणाला, "कुमुद, एक विचारू? मले आता सगयं आठवते. गारा थांबल्या होत्या. बाबाचा हात बर्फावानी थंडा होता, मंग हयूहयू ऊन झाला. गरुडचट्टीच्या वरतं थे एकडाव रडले. कायले रडले, थे मले सांगतलं नाई." त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हेच भयंकर होतं. "मीच आनलं होतं ना त्यायले?"

बाबा रडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. बाबांनी आम्हाला सांगितलेल्या गोष्टीत ते नव्हतं. दादानं आजवर लोकांना सांगितलेल्या गोष्टीतही नव्हतं.

मी म्हटलं, "नाही दादा. तू आमच्याबरोबर खोलीत होतास. चहा पीत होतास."

तो बराच वेळ मान हलवत राहिला, हो म्हणावं तशी. मग म्हणाला, "हाव. थे बी आठवते."

तेवढंच. त्यानंतर आमचं या विषयावर बोलणं झालं नाही, आणि त्या पावसाळ्यात तो गेला.

याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. कोणी वाचकांनी पाठवलं तर वाचीन, पण पटेल असं वाटत नाही. त्या डोंगरावर काहीतरी होतं, त्यानं माझ्या बापाला जिवंत वर आणलं, त्याचे उपकार मी मानते. पण राग त्याच्यावरही आहे, दादावर होता त्याहून जास्त. पुराची आठवण त्यानं माझी घेतली होती. मग चेहरा माझा का नाही घेतला?